क्रिस्टीना राणीच्या नाण्यांमागे: स्टॉकहोम ते फालुन

स्टॉकहोमच्या नार्वावेगेन रस्त्यावर ऐतिहासिक संग्रहालय आहे. राजघराण्याचा जुना नाणेसंग्रह आता त्याच इमारतीत 'आर्थिक संग्रहालय' या नावाने मांडलाय. भुयारी रेल्वेच्या कार्लाप्लान स्टेशनवरून पाच-सात मिनिटांची चाल. जुन्या प्रवासपुस्तकांमध्ये हा संग्रह राजवाड्यासमोर असल्याचं लिहिलेलं असतं. ती जागा २०१७ मध्ये बंद झाली, तिथे जाऊ नका.

इथलं जे नाणं पाहायला लोक येतात, ते पहिल्या नजरेत नाणं वाटतच नाही. तांब्याचा जाड पत्रा, सुमारे ७० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, वजन १९.७ किलो. साल १६४४, मूल्य तेव्हाच्या स्वीडिश चलनात १० डालर. चार कोपऱ्यांत चार गोल ठसे, त्यांत मुकुट, स्वीडनची राणी क्रिस्टीना हिचं नाव आणि साल. मधल्या पाचव्या ठशात मूल्य. तांब्याची घनता धरून हिशोब केला तर जाडी साधारण एक सेंटीमीटर निघते. आपल्याकडे ताम्रपट वाचायचे असत, यांच्याकडे खर्चायचे.

कोपऱ्यांतले ठसे शोभेसाठी नाहीत. चांदीच्या नाण्याची कड कातरून चूर साठवणं हा तेव्हा युरोपभर चालणारा धंदा होता. पत्र्याचा कोपरा छाटला की ठसा तुटतो आणि चोरी दिसते. म्हणून काचेपलीकडून आधी कोपरे पाहा. ठसा पूर्ण गोल आहे का, एकाच जागी दोनदा बसलाय का, एका बाजूला पुसट आहे का? पत्रा घणाने ठोकून काढलेला, त्यामुळे पृष्ठभाग सपाट नसे. खोलगट जागी ठसा नीट उमटत नसे. पुसट ठसा म्हणजे खोटं नाणं, असं इथे धरता येत नाही.

त्याच क्रिस्टीनाच्या नावाची आणखी एक चीज शोधा: तेव्हा स्वीडनच्या ताब्यात असलेल्या रिगा शहरात पाडलेलं सोलिडस नावाचं चिल्लर नाणं. बोटाच्या नखाएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, हिणकस चांदीचा. 'सी' या अक्षराच्या पोटात पेंढी असते. पेंढी हे तिच्या वासा घराण्याचं चिन्ह. एकाच राणीच्या नावाने निघालेल्या या दोन नाण्यांच्या वजनात जवळजवळ चाळीस हजारपट फरक आहे. हा फरक का पडला, याचं उत्तर एकाच रेल्वेमार्गावर सापडतं: स्टॉकहोम, उप्साला, साला, अवेस्ता, सेतर, फालुन. थेट गाडीने शेवटपर्यंत तीन तासांच्या आत पोचता येतं, पण मध्ये उतरल्याशिवाय या प्रवासाला अर्थ नाही. मी दोन दिवस धरले. तीन धरले तर बरं.

निघण्यापूर्वी थोडा हिशोब, कारण पाट्या तो सांगत नाहीत. १ डालर म्हणजे ४ मार्क, १ मार्क म्हणजे ८ ओरे. चांदीचा मोठा रिक्सडालर तेव्हा दीड डालरचा. म्हणजे १० डालरचा पत्रा पावणेसात रिक्सडालरच्याही किंचित खाली. रिक्सडालर सुमारे २९ ग्रॅमचा, तर १९.७ किलो तांब्याचं काम २०० ग्रॅमपेक्षा कमी चांदीत होत होतं. हजार रिक्सडालरची रक्कम कुणाला पोचती करायची तर चांदीत २९ किलोंची थैली, पत्र्यांत तीन टनांची गाडी. पत्र्यावर 'चांदीचे डालर' असं लिहिलेलं असतं आणि आत चांदीचा कणही नाही, यानेही वाचणारा गोंधळतो. ते मूल्य आहे, धातू नव्हे. तांब्याच्या डालरचा हिशोब वेगळा चाले: १६३३ मध्ये एका चांदी-डालरला दोन तांबे-डालर, १६४३ पासून अडीच. जुन्या पावत्या वाचताना ही वटणावळ विसरलात तर रक्कम दुप्पट-अडीचपट चुकते.

उप्सालाला गाडी सुमारे चाळीस मिनिटांत पोचते. स्टेशनपासून किल्ल्याचा चढ चालत करता येतो. ६ जून १६५४ रोजी क्रिस्टीनाने इथे मुकुट उतरवला, आणि त्याच दिवशी कॅथेड्रलमध्ये तिचा आतेभाऊ कार्ल दहावा गुस्ताव याचा राज्याभिषेक झाला. किल्ला १७०२ च्या आगीत जळला, त्यामुळे आजचं दालन पाहून १६५४ चा प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा तर कल्पनेला बरंच राबवावं लागतं. मला इथे किल्ल्यापेक्षा नाण्यांवरच्या लॅटिन ओळी जास्त बोलक्या वाटतात. बाप गुस्ताव दुसरा अडॉल्फ १६३२ मध्ये ल्युत्झेनच्या लढाईत पडला तेव्हा ती सहा वर्षांचीही नव्हती. कारभार चान्सलर आक्सेल ऑक्सेनशेर्ना आणि त्याचे सहकारी पाहत. त्या काळातल्या नाण्यांवर तिच्या नावापुढे 'देसिग. रेजिना' येतं, म्हणजे नियोजित राणी. १६४४ च्या डिसेंबरात ती अठरा वर्षांची झाली, कारभार हाती आला, मग 'देसिग.' गळतं. साल झिजलेलं असलं तरी एवढ्या एका शब्दावरून नाणं कुठल्या टप्प्यातलं ते कळतं. तिला 'राजा' म्हणून अभिषेक झाला अशी गोष्ट वाटाडे हमखास सांगतात. नाण्यांवर मात्र 'रेजिना'च आहे. राज्याभिषेकात गर्दीवर नाणी उधळायची रीत होती. कार्लच्या उधळणीच्या नाण्यावर मुकुट आणि 'ए देओ एत क्रिस्टीना' असे शब्द आहेत: देवाकडून आणि क्रिस्टीनाकडून. गादी कशी मिळाली हे इतक्या उघडपणे सांगणारं नाणं क्वचितच दिसतं.

पुढचं स्टेशन साला. इथे चांदीची खाण आहे. गावापासून थोडी बाहेर, चालत किंवा बसने. खालचं तापमान बाराही महिने दोन अंशांच्या आसपास, तेव्हा जुलैतही स्वेटर आणि बंद बूट हवेत. पायऱ्या ओल्या असतात. राणीच्या नावाचं एक खोल कूपक, म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीरही इथे आहे. सालाची चांदी सोळाव्या शतकात भरभरून निघाली, सतराव्यात उतार लागला. पेच इथेच सुरू होतो. १६१३ च्या तहानुसार एल्व्सबोरीचा किल्ला सोडवायला स्वीडनला डेन्मार्कला दहा लाख रिक्सडालर चांदीत मोजावे लागले, त्यामागून जर्मनीतलं युद्ध आलं. चांदी देशाबाहेर गेली. जवळ उरलं ते तांबं. मग १६२४ मध्ये गुस्ताव अडॉल्फने तांब्याचं चलन काढलं. त्यात दुहेरी डाव होता. एक, घरची देणी तांब्यात भागवायची. दुसरा, तांबं नाण्यांत अडकवून परदेशी बाजारातली आवक आवळायची, म्हणजे भाव पडणार नाही. कागदावर छान.

बिघडलं कुठे, ते अवेस्तात कळतं. गाडी अवेस्ता क्रिल्बोला थांबते. गाव तिथून काही किलोमीटर लांब, बसची वेळ आधी पाहून ठेवा. टांकसाळ दालएल्व नदीवर बसवली होती, कारण घण पाण्याच्या जोरावर चालत. फालुनहून येणारं कच्चं तांबं पूर्ण शुद्ध नसे. ते इथे लोणारी कोळशावर पुन्हा वितळवायचं, हवा मारून अशुद्धी जाळायची, ओतायचं, तापवून घणाखाली पसरवायचं, मोठ्या कात्रीने कापायचं, तोलायचं, जास्त भरलं तर पुन्हा छाटायचं, आणि शेवटी पाच ठसे. गंधक उरलं की घणाखाली कडा फुटतात. पत्रा सगळीकडे सारखा पसरला नाही तर वजन बरोबर येऊनही आकार वेडावाकडा होतो. म्हणून एकाच सालचे दोन पत्रे कधी तंतोतंत जुळत नाहीत, आणि संग्राहकाने मापापेक्षा वजनावर विसंबावं.

१० डालरचा पत्रा फक्त १६४४ आणि १६४५ मध्ये निघाला. तो हलवणं जिकिरीचं होतंच, पण खरी अडचण भावाची. पत्र्यावरचं मूल्य ठरलेलं, तांब्याचा भाव चढता-उतरता. परदेशी भाव चढला की पत्रा नाणं म्हणून खर्चण्यापेक्षा तांबं म्हणून विकणं फायद्याचं. भाव उतरला की सरकारने ठरवलेल्या किमतीला तो कुणी घेईना. त्यामुळे बहुतेक मोठे पत्रे वितळून गेले आणि आज मोजकेच उरलेत. १६४९ पासून ४, २ आणि १ डालरचे पत्रे आले, १६५२ पासून ८ डालरचा. हा ८ डालरचा सुमारे साडेचौदा किलोंचा, म्हणजे आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो तेवढं तांबं.

याची शेपटी राणीने गादी सोडल्यावरही वळवळत राहिली. १६६० मध्ये पत्र्यांचं वजन उतरवलं. लगेच जुने जड पत्रे नव्यांपेक्षा मोलाचे ठरले, आणि योहान पाल्मस्त्रुकच्या स्टॉकहोम बँकेत ज्यांनी ते ठेवले होते ते सगळे परत मागायला उभे राहिले. बँकेने पैसा कर्जात घातलेला. १६६१ मध्ये तिने छापील हुंडीवजा कागद काढले; युरोपातल्या पहिल्या बँकनोटा त्या ह्याच. कागद प्रमाणाबाहेर छापले गेले, १६६४ च्या सुमारास बँक कोलमडली. पाल्मस्त्रुकला मृत्युदंड सुनावला गेला, पण अमलात आला नाही. १६६८ मध्ये संसदेने नवी बँक काढली, तीच आजची रिक्सबँक. वीस किलोंचं नाणं आणि कागदी नोट यांत अंतर फक्त सतरा वर्षांचं. पत्रे मात्र १७७६ पर्यंत चलनात राहिले.

सेतरला उतरायचं की नाही ते वेळेवर ठरवा. १६२४ ची तांब्याची टांकसाळ इथली. काम पुढे अवेस्ताला गेलं. आता दरी सुंदर आहे, नाण्यांचं फारसं काही उरलेलं नाही.

फालुनला मात्र अर्धा दिवस हवाच. खाण गावाच्या कडेला आहे. मार्गदर्शकाबरोबर ६७ मीटर खोल नेतात, फेरी साधारण तासाभराची, आत पाच-सहा अंश, डोक्यावर हेल्मेट. तिकीट वेळेचं असतं, उन्हाळ्यात आधी काढा. जूनमधल्या मिडसमर या सणाच्या दिवसांत जाणं टाळा, जवळजवळ सगळं बंद असतं. वर मोठा खड्डा आहे, सुमारे १०० मीटर खोल. १६८७ च्या मिडसमरला खालचे पोखरलेले गाळे एकमेकांत कोसळून तो झाला. सणाची सुट्टी होती म्हणून कुणी दगावलं नाही. खाली भिंती काळवंडलेल्या दिसतात. सुरुंगाची दारू रुळण्यापूर्वी खडकाला लाकडाची आग लावत, तापून तडकला की ठिसूळ भाग पहारीने पाडत. वर आणलेलं खनिज लाकडांच्या थरावर रचून आठवडेच्या आठवडे उघड्यावर भाजायचं, गंधक उडवायचं, वितळवायचं, पुन्हा भाजायचं. गावावर सदा गंधकाचा धूर. १६५० मध्ये, क्रिस्टीनाच्या राज्याभिषेकाच्याच वर्षी, खाणीचं उत्पादन शिखरावर पोचलं: सुमारे ३,००० टन तांबं. इतकं तांबं ज्याच्या घरी, त्याला जड नाणं सुचणारच. उलट रिगाच्या बाजारात पोलंड-लिथुआनियाचं हलकं चलन फिरत होतं, तिथे तसलंच चिल्लर पाडणं शहाणपणाचं.

क्रिस्टीनाचं नाणं विकत घ्यायचं असेल तर मोठ्या पत्र्याची स्वप्नं सोडा. तिच्या नावाचं सर्वांत स्वस्त खरं नाणं तो अर्ध्या ग्रॅमचा सोलिडसच. त्याचीही खोटी नाणी निघाली, तीही सतराव्या शतकातच, मोल्दावियातल्या (आजच्या रुमानियातल्या) सुचावाच्या टांकसाळीत, तिथल्या राजाच्या आशीर्वादाने. ओळखायची खूण म्हणजे अक्षरं: शब्द अर्धवट, अक्षरं उलटी, कधी भलत्याच राजाचं नाव भलत्याच सालासोबत. गंमत अशी, की ही खोटी नाणी आता स्वतःच जुनी झाली आहेत आणि त्यांचा वेगळा संग्रह करणारे लोक आहेत. विक्रेत्याने 'सुचावा' असं लिहिलं असेल तर ती दोषाची कबुली नसून मालाचं वर्णन समजा.

पत्राच हवा असेल तर अठराव्या शतकातला, एक किंवा दोन डालरचा पाहा. बाजारात येणाऱ्यांपैकी बरेचसे 'निकोबार' या डॅनिश जहाजातले. हे जहाज १७८३ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ बुडालं आणि १९८७ मध्ये सापडलं. ते निघालं होतं तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या डॅनिश वसाहतीकडे, तरंगंबाडीला. चलनातून बाद झालेले पत्रे नुसतं तांबं म्हणून हिंदुस्थानात खपवायला चालले होते. दोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहिल्याने त्यांचा पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा, कडा खाल्लेल्या, वजन मूळच्यापेक्षा बरंच कमी, आणि किंमतही न बुडालेल्या पत्र्यापेक्षा उतरती. मधला ठसा वाचता येतोय का आणि निदान दोन कोपऱ्यांतलं साल दिसतंय का, एवढं पाहून घ्या. घासूनपुसून चकचकीत केलेला मात्र घेऊ नका. खारी हिरवी पुटं काढताना ठशांच्या रेघाही जातात.

सुट्ट्या पैशांबद्दल राहिलंच. घरच्या डब्यात स्वीडनची जुनी १, २ किंवा ५ क्रोनरची नाणी पडली असतील तर सोबत नेऊ नका. ३० जून २०१७ नंतर ती चालत नाहीत, आणि या वाटेवर बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत. कार्ड लागतं, नाणी पाहायच्या तिकिटालासुद्धा.