आठ वॉशर

रविवार.

साडेसहालाच बाबांना घेऊन माळावर पोचलो. वारा पूर्ण पडलेला. ट्रिमिंगला, म्हणजे विमान आपोआप सरळ उडेल असं जुळवायला, अशीच सकाळ लागते.

सनबोर्डचं (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचं) हे रिमोटवरचं हाय-विंग ट्रेनर, म्हणजे धडाच्या वर पंख असलेलं शिकाऊ मॉडेल विमान, तीन महिने उडवतोय. अर्ध्या थ्रॉटलला (मोटरच्या जोराला) अगदी गुणी. पूर्ण थ्रॉटल दिला की नाक वर काढून डावीकडे ओढतं. दर वेळी मी ट्रिमच्या, म्हणजे रिमोटवरच्या बारीक दुरुस्तीच्या बटणांच्या, दोन-चार टिचक्या द्यायचो; मग थ्रॉटल कमी केला की तेच विमान नाक खाली घालून उजवीकडे निघायचं. ट्रिम एकाच वेगाला लागू पडते. बाकीचं माझा अंगठा नकळत सावरून घेत होता, त्यामुळे खरा दोष इतके दिवस झाकलेला राहिला.

आज सगळ्या ट्रिम मध्यावर आणल्या. पंखाची रुंदी 20 सेंमी, पुढच्या कडेपासून 6 सेंमीवर बोटांवर तोललं, बरोबर. उंचावर नेऊन थ्रॉटल बंद केला, तर सरळ रेषेत तरंगत उतरलं. म्हणजे पंख-शेपूट ठीक, खोट मोटरच्या ओढीतच.

प्रॉप (नाकावरचा पंखा) मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून विमान उलटं, डावीकडे कलतं. त्यात प्रॉपची हवा पीळ घेत मागे जाते आणि उभ्या शेपटीला डावीकडून ढकलते. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. शिवाय पंख वर आणि मोटर खाली, त्यामुळे जोर वाढला की नाक उचलतंच. यावर उपाय म्हणजे मोटरच थोडी खाली आणि उजवीकडे रोखायची. हा कोन मोटर ओढेल तेवढंच काम करतो. थ्रॉटल मिटला की तोही गप्प.

बाबा जुने फिटर. म्हणाले, "कोन कशाला मोजतोस? फट मोज." फायरवॉलवर, म्हणजे मोटर बसते त्या पुढच्या फळीवर, स्क्रूंमधलं अंतर 25 मिमी, तेवढ्यात 1 अंशाला फट लागते जेमतेम 0.44 मिमी. व्हर्निअरवर आमचा वॉशर भरला 0.5. म्हणजे एक वॉशर, एक अंशाहून किंचित जास्त.

बॅटरी काढली, प्रॉप उतरवला. कॉकपिटमधून पाहिल्यासारखं धरून मोटर आणि फायरवॉलच्या मधल्या फटीत वरच्या डाव्या स्क्रूला तीन वॉशर, वरच्या उजव्याला दोन, खालच्या डाव्याला एक, खालचा उजवा मोकळा. बाबांनी एकेक चिमट्याने बसवला. त्यांचा हात आता जरा थरथरतो, पण एकही पडला नाही.

विमान आपल्यापासून दूर, पाठमोरं चढवून पाहिलं. नाक आता उचलत नव्हतं, डावीकडची ओढ मात्र थोडी उरली होती. डाव्या दोन्ही स्क्रूंना एकेक वॉशर वाढवला. चार, दोन, दोन, शून्य.

तिसऱ्या बॅटरीला उजव्या काडीवरचा अंगठा उचलला आणि थ्रॉटल बंदपासून पूर्णपर्यंत नेला. विमान सरळ गेलं, हलकेच चढत. बाबा डोळ्यांवर हात धरून ते पार शेवटच्या बाभळीपर्यंत बघत राहिले.

स्पिनर, म्हणजे प्रॉपवरची टोकदार टोपी, दीडेक मिमी उजवीकडे आणि तेवढाच खाली सरकलाय. तो पुन्हा मध्यावर यावा म्हणून उद्या मोटर तेवढीच डावीकडे-वर घेऊन नवी भोकं पाडायची.