आमची वाटचाल : दाराच्या आतली प्लेट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग करणारे पुष्कळ आहेत, तिजोरी करणारे मात्र पहिल्यापासून थोडे. वडिलांनी १९८३ साली भाड्याच्या गाळ्यात पत्र्याची कपाटे करायला सुरुवात केली, तेव्हा कपाटाच्या आतल्या कुलपाच्या कप्प्यालाच लोक तिजोरी म्हणत असत. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला आणि पुढे ते तिजोऱ्यांकडे वळले, तेव्हापासून या धंद्याचे माप मुंबईत ठरत आलेले आहे. त्या मापाला उतरेल अशी तिजोरी कोल्हापुरात करायची, हा हट्ट वडिलांचा होता आणि तो पुरा करण्याचे काम माझ्या वाट्याला आले.

अभेद्य तिजोरी जगात कुणी केलेली नाही, आणि तशी आहे असे सांगणाऱ्या दुकानदाराकडून काहीही घेऊ नये. आम्ही विकतो तो वेळ. अमेरिकेच्या यूएल मानकात टीएल-१५ आणि टीएल-३० असे दर्जे आहेत. त्यांतला आकडा मिनिटांचा आहे, आणि तीही हत्यार प्रत्यक्ष चालू असतानाची मिनिटे, कारण बिट, म्हणजे ड्रिलचे पाते, बदलताना किंवा दम खाताना परीक्षकाचे घड्याळ थांबलेले असते. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे मानक आहे. ज्याला ही तिजोरी फोडायची आहे त्याच्याकडे रात्रीचे काही तासच असतात, आणि ते त्याला अपुरे पडले पाहिजेत, एवढाच आमच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ आहे.

हे मला ज्यांनी शिकवले त्यांना आम्ही सगळे मिस्त्री म्हणत असू. ते वडिलांचे पहिले भागीदार. मुंबईत कुलपांच्या कामावर उमेदीची वर्षे घालवून ते गावी परतले होते आणि भांडवल म्हणून त्यांनी स्वतःच्या कानसांची पेटी आणली होती. ती पेटी आजही माझ्या टेबलाशेजारी आहे: चपटी, गोल, तिकोनी, आणि लिव्हरच्या, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या कुलपातल्या पट्टीच्या, खाचेसाठी घासून घासून पात्यासारखी पातळ झालेली एक, जिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. लिव्हर त्यांनी नेहमी पितळेचेच केले. पत्र्याचे लिव्हर स्वस्त पडते, पण पंचगंगेकाठच्या पावसाळी हवेत ते गंजते, गंजलेले लिव्हर आखडते, आणि आखडलेल्या कुलपावर मालक किल्लीचा जोर लावतो.

तारेने उघडणाऱ्या माणसाला कुलूप दिसत नसते. तो बोल्टवर, म्हणजे कुलपाच्या सरकत्या दांड्यावर, हलका ताण देतो आणि कुठले लिव्हर अडले आहे ते बोटांनी हुडकत एकेक उचलत जातो. १८१८ साली इंग्लंडमध्ये जेरेमाया चब याने असे कुलूप केले की एखादे लिव्हर प्रमाणाबाहेर उचलले गेले तर ते अडकून बसावे आणि मालकाला छेडछाड कळावी. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वर्षी हॉब्ज या अमेरिकन माणसाने तेही उघडून दाखवले. मिस्त्रींना ही हकिकत तोंडपाठ होती आणि तिच्यातून त्यांनी घेतलेला धडा साधा होता, की बोटाला कळणारी खूण खोटी निघाली पाहिजे. म्हणून आमच्या आठ लिव्हरच्या कुलपात खऱ्या खाचेच्या अलीकडे-पलीकडे उथळ खोट्या खाचा असतात. ताण दिला की लिव्हर त्या खोट्या खाचेत बसते, बोटाला वाटते की काम झाले, आणि बोल्ट तिथेच रुतून राहतो. खरी खाच मात्र किल्लीसाठी इतकी नेमकी घासावी लागते की लिव्हर पूर्ण जाग्यावर आल्याशिवाय बोल्टचा ठोकळा तीत शिरता कामा नये. हे काम यंत्रावर होते, पण शेवटचा हात कानशीचाच. मिस्त्री लिव्हर खिडकीच्या उजेडाकडे धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, “अजून एक हात दे रे बाबा, उजेड जास्त दिसतोय.”

कुलूप तारेने उघडत नाही असे कळले की चोर ड्रिल काढतो, आणि खरे काम तिथे सुरू होते. कुलपाच्या पुढे आम्ही जी प्लेट घालतो तिच्यावर माझे निम्मे आयुष्य गेले आहे. पहिल्यांदा आम्ही बेअरिंगच्या पोलादाची, म्हणजे ईएन-३१ ची प्लेट भट्टीत लाल करून तेलात पाणी देत असू, म्हणजे तेलात बुडवून झटकन थंड करत असू. ती कडक होई, साध्या बिटला दाद देत नसे. पण नुसती कडक प्लेट घणाच्या एका घावाला तडकते, शिवाय पाणी देताना तिला पीळ पडतो आणि मग ती दारात सपाट बसत नाही. म्हणून तिच्या मागे मऊ पोलादाचा जाड पाठिंबा आला. मग मँगनीज पोलाद आले. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेल्या या पोलादात साधारण बारा टक्के मँगनीज असते आणि जितके ठोकावे, घासावे तितका त्याचा पृष्ठभाग आणखी कडक होत जातो. आज आम्ही कार्बाइडचे तुकडे मऊ धातूत जडवून प्लेट करतो. बिटच्या धारेला क्षणात मऊ, क्षणात कडक लागते, तिला एकसारखा काप मिळत नाही आणि ती ढलपे उडून मोडते. एकसंध कडक प्लेटपेक्षा हे अधिक त्रासदायक आहे, हे मी कुठल्याही पोलाद विक्रेत्यासमोर सांगायला तयार आहे.

प्लेटच्या मागे काच. टफन केलेल्या, म्हणजे भट्टीत तापवून कठीण केलेल्या, काचेला नंतर भोक पाडता येत नाही, म्हणून भोके आधी पाडून मग ती भट्टीत पाठवावी लागते. तिला ताणलेल्या तारा बांधलेल्या असतात आणि त्या तारांनी स्प्रिंगवरच्या खिट्ट्या मागे धरून ठेवलेल्या असतात. ड्रिलचे टोक किंवा घणाचा हादरा पोहोचला की काच एका कोपऱ्यात न फुटता सगळीच्या सगळी भुगा होते, तारा सुटतात, खिट्ट्या दाराच्या बोल्टांत घुसतात, आणि त्यानंतर खरी किल्ली आणली तरी दार उघडत नाही.

हे सगळे दाराच्या आत असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. या एका गोष्टीने आम्हाला जवळजवळ बुडवले.

आमच्या तिजोऱ्या आसपासच्या जिल्ह्यांत विकणारा एक व्यापारी होता. वडिलांनी त्याला वर्षानुवर्षे उधारीवर माल दिला, घरच्या लग्नकार्याला बोलावले. त्याने आमच्या दाराचे माप घेतले, तसलीच पितळी मूठ ओतून घेतली, तोच हिरवट हॅमरटोन रंग मारला आणि स्वतःच्या नावाने तिजोरी बाजारात आणली. वजन भरावे म्हणून पोकळीत वाळू आणि साधे सिमेंट, कुलूप बाजारातले तयार, प्लेट नाही, काच नाही. किंमत आमच्यापेक्षा एक तृतीयांश कमी. पतसंस्थांचे संचालक दोन्ही तिजोऱ्या ढकलून पाहत, दोन्ही सारख्याच जड लागत, आणि दरपत्रकात कमी आकडा त्याचा असे. मी आतले सांगायला लागलो की तो हसून म्हणे, “ते कुणी बघितलंय?”

२००८ च्या सुरुवातीला एका मोठ्या पतसंस्थेने सगळ्या शाखांसाठी तिजोऱ्यांची मागणी आमच्याकडे नोंदवली. पोलादाचे भाव रोज चढत होते, म्हणून मी कर्ज काढून सगळा माल एकदम उचलला. त्याच सुमारास शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गावात त्या व्यापाऱ्याची तिजोरी साध्या हातड्रिलने उघडली गेली. रंग तोच, मूठ तीच. गावोगाव बातमी पसरली ती “कोल्हापूरच्या हिरव्या तिजोरीची”. मी खुलासे केले, पत्रे पाठवली, प्रत्येक संचालकाच्या घरी गेलो. मागणी रद्द झाली. वर्ष संपता संपता पोलादाचे भाव कोसळले, आणि चढ्या भावाने घेतलेल्या प्लेटा आमच्या गाळ्यात गंजत पडल्या. बँकेचे हप्ते थकले, घरातले सोने गहाण पडले, कामगारांतले निम्मे दुसरीकडे गेले. वडील त्या दिवसांत कारखान्यात येऊन नुसते बसत. त्या व्यापाऱ्याने एकदाही पुढे येऊन सांगितले नाही की ती तिजोरी आमची नव्हती. आजही तो लग्नात, बाजारात दिसतो आणि मी त्याच्याशी बोलत नाही.

आम्हाला तारले गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका सराफांनी. अण्णांनी वडिलांकडून पहिली तिजोरी घेतली ती पेढीवरच्या जुन्या पेटाऱ्याच्या जागी, आणि पुढे प्रत्येक नव्या नमुन्याचे पहिले गिऱ्हाईक तेच. हुपरीच्या चांदीचा व्यवहार मोठा, त्यामुळे माल कायम पेढीवर. त्या पडत्या काळातच एका रात्री मागच्या बाजूने त्यांची पेढी फोडली गेली. सकाळी अण्णांचा फोन आला: “तुझं दार बघायला ये. उघडलं नाही, पण आता मलाही उघडेना.”

कुलपाच्या आसपास तीन भोके होती. बाहेरचा पत्रा प्रत्येक वेळी सहज कापला गेला होता आणि प्लेटला लागताच काम थांबले होते. एका भोकात बिटचे टोक तुटून तसेच अडकलेले, कडेचे पोलाद उष्णतेने निळे-जांभळे पडलेले, आणि खाली फरशीवर बिटचे तुकडे. चौथे भोक प्लेटच्या कडेबाहेरून तिरके मारले होते आणि ते आतपर्यंत पोहोचले होते. त्याच भोकाने काच फुटली. दार हलवले की आत काचेचा भुगा खळखळत होता. आम्हाला स्वतःचे आराखडे हाताशी असून, गॅस कटर आणि कारखान्यातली सगळी हत्यारे वापरून, ते दार कापायला अख्खा दिवस आणि रात्रीचा बराच भाग लागला. आतली चांदी जशीच्या तशी होती.

अण्णांनी कापलेले दार भंगारात जाऊ दिले नाही. त्यांनी ते पेढीवर भिंतीला टेकून ठेवले आणि मागणी रद्द केलेल्या संचालकांना चहाला बोलावून प्लेट, बिटचे टोक आणि सुटलेल्या खिट्ट्या एकेक करून दाखवल्या. “रंग बघून तिजोरी घेता, मग भिंत रंगवा की,” हे त्यांचे वाक्य गुजरीत अजून सांगतात. त्या बैठकीनंतर निम्मी मागणी परत आली, आणि गंजत पडलेल्या प्लेटा घासून त्याच कामाला लावल्या. पुढची वर्षे नीट गेली.

आता न विचारता काही गोष्टी सांगतो, कारण तिजोरी चांगली असूनही माणसे हातातले घालवतात. तिजोरी हलकी असेल तर तिच्या बुडातून जमिनीत बोल्ट मारून घ्याच. चोराला ती दुकानात फोडायची गरज नाही, टेम्पोत घालून नेली की त्याच्याकडे हवा तेवढा वेळ आहे. जादाची किल्ली गल्ल्यात ठेवू नका. व्यवस्थापक बदलला की कुलूप बदला, भले तो घरचा माणूस असो. लिव्हरच्या कुलपात तेल सोडू नका. धूळ धरून त्याचा चिखल होतो. तळघरात तिजोरी ठेवणाऱ्यांनी २०१९ चा महापूर आठवावा, कारण ड्रिलला दाद न देणाऱ्या दारातून पाणी मात्र आत जाते. नंबरच्या कुलपाला मुलांच्या जन्मतारखा देऊ नका.

मिस्त्री आता नाहीत, वडीलही नाहीत. अण्णांची पेढी त्यांची सून चालवते आणि तिच्यासाठी दोन किल्ल्यांचे, एकाच वेळी दोन माणसे हजर असल्याशिवाय न उघडणारे कुलूप सध्या कामावर आहे. आमच्या गाळ्यात दारात शिरताच उभे कापलेले एक दार ठेवलेले आहे, पत्र्यापासून काचेपर्यंत सगळे थर दिसतील असे. तिजोरी घ्यायची असेल त्याने आधी ते पाहावे आणि प्लेटवर भोक पाडून बघावे. स्वतःचे ड्रिल आणि स्वतःचे बिट आणले तरी आमची हरकत नाही.