तुम्ही विचारलंत म्हणून: शॉर्ट-स्केल गिटार पार्ट्स जोडून करायची, तर सुरुवात कुठून?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "हात लहान आहेत, पहिल्या चार फ्रेटमध्ये (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बोटं ताणताना मनगट दुखतं. छोट्या स्केलची इलेक्ट्रिक गिटार पार्ट्स आणून घरी जोडता येईल का? आणि बॉडी कुठली घेऊ?" जोडता येईल, अगदी नक्की. बॉडी मात्र सगळ्यात शेवटी ठरवा. आधी नेक, म्हणजे गिटारची मान, घ्या, तो हातात आला की मोजा, आणि त्या मापावरून बाकी सगळं ठरवा. जोडलेली शॉर्ट-स्केल गिटार फसते ती जवळजवळ नेहमी याच ठिकाणी: देखणी बॉडी आधी घेतली जाते, नेक मागून येतो आणि ब्रिजची (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाची) जागा दोघांनाही जुळत नाही.

स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतची (ब्रिजवरचा तारेचा टेकू), तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी. शॉर्ट-स्केल म्हणजे लहान मुलांची गिटार असा एक समज आहे. त्याला थोडा इतिहास आहे. फेंडर या अमेरिकी कंपनीने १९५६ साली म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक काढल्या त्या शिकाऊ वादकांसाठी, २२.५ इंच स्केलच्या. पण १९६२ची जॅग्वार ही त्यांची महागडी गिटार होती आणि तिची स्केल २४ इंच होती. १९६४ची मस्टँग २२.५ आणि २४ अशा दोन्ही मापांत मिळायची. फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरची, म्हणजे स्ट्रॅट आणि टेलीची, स्केल २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मिमी असते. २४ इंचाची ६०९.६ मिमी. पहिल्यापासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर स्ट्रॅटवर साधारण ९७ मिमी भरतं, २४ इंचावर साडेएक्क्याण्णव. बोटांना हा फरक लगेच कळतो.

पैसे घालण्याआधी एक चाचणी करा. कुणाचीही स्ट्रॅट घ्या, सहाही तारा अर्धा सूर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. आता नटची जागा कॅपोने घेतली आणि उरलेली लांबी भरते २४.०७ इंच. ताण, बोटांमधलं अंतर, तार बाजूला खेचून बेंड करतानाचा सैलपणा हे सगळं २४ इंची गिटारवर जसं असेल तसंच इथे हाताला लागेल. अर्धा तास वाजवा. आवडलं तर पुढे जा. तारा फारच ढिल्या वाटल्या तर २४.७५ इंचाचा विचार करा. त्या मापाचे 'कन्व्हर्जन' नेक मिळतात. त्यांची टाच (बॉडीत बसणारं टोक) अशी कापलेली असते की स्ट्रॅटच्या बॉडीवरचा ब्रिज हलवावा लागत नाही. हाताशी स्ट्रॅट असेल तर हाच सर्वांत सोपा रस्ता.

ढिलेपणाचा हिशोब सरळ आहे. सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २५.५वरून २४वर आलात की ताण ११ टक्क्यांहून थोडा जास्त उतरतो, २२.५वर २२ टक्के. ०.०१० इंची पहिली तार स्ट्रॅटवर सुमारे ७.४ किलो ताणाखाली असते, २४ इंचावर साडेसहा. म्हणून २४ इंचाला १० ते ४६चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सेट न लावता ११ ते ४९चा लावा. त्यात पहिली तार ७.९ किलोच्या आसपास जाते आणि जाड तारा गुरगुरत नाहीत. तारांचा सेट आजच ठरवा, कारण नटच्या खाचा आणि ट्रस रॉडची (नेकच्या आतली, त्याचा बाक जुळवणारी कांब) सेटिंग त्याच्यावर अवलंबून आहे.

आता नेक. बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूने बसणाऱ्या, नेकची टाच ५६ मिमी रुंद आणि सुमारे २५ मिमी जाड असावी. हे प्रचलित माप आहे आणि बहुतेक तयार बॉडींतली नेकची खोबण त्यालाच धरून कापलेली असते. नटची रुंदी ४२ मिमी बहुतेकांना चालते. फ्रेटची तार मध्यम घ्या, अडीच मिमीच्या आत. २४ इंचावर एकविसाव्या आणि बाविसाव्या फ्रेटमध्ये जेमतेम १० मिमी अंतर असतं, त्यात जाड जंबो फ्रेट बसवला तर बोटाला लाकूडच उरत नाही. फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली पट्टी) शिसवीचा मिळाला तर मला आनंद होतो. सह्याद्रीत वाढणारं हे लाकूड जगभरच्या गिटारवर बसतं, घट्ट आणि तेलकट असतं, त्याला वरून लॅकर लागत नाही.

नेक आला की जाहिरातीतला आकडा विसरा. नटच्या फिंगरबोर्डाकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा आणि दुप्पट करा. दुप्पट करण्याआधीचं माप ३०४.८ मिमी आलं तर स्केल खरंच २४ इंच. मग शेवटच्या फ्रेटच्या मध्यापासून टाचेच्या टोकापर्यंत मोजा. या दोन मापांवर पुढचं सगळं उभं राहतं.

उदाहरण घेऊ. २४ इंची, २२ फ्रेटचा नेक. बाविसावा फ्रेट नटपासून ४३८.५ मिमीवर येतो, म्हणजे तिथून सॅडलपर्यंत १७१ मिमी उरतात. टाच त्या फ्रेटच्या पुढे ९ मिमी असेल तर खोबणीच्या भिंतीपासून सॅडलच्या रेषेपर्यंत १६२ मिमी हवेत. स्ट्रॅटच्या बॉडीत हेच अंतर सुमारे १७९ असतं. फरक १७ मिमीचा, आणि सॅडलचे स्क्रू काही झालं तरी इतके पुढे येत नाहीत. असा नेक स्ट्रॅटच्या बॉडीवर नुसता बसवला तर मोकळ्या तारा सुरात लागतील आणि फ्रेट दाबला की प्रत्येक सूर चुकेल. ब्रिज पुढे सरकवावा म्हटलं तर ट्रेमोलोचा (दांडीने तारा ढिल्या-घट्ट करणारी यंत्रणा) आरपार चौकोन आडवा येतो, आणि मागचा पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारा भाग) बहुधा ब्रिजच्या पट्टीखाली जातो. म्हणून बॉडी एकतर त्याच नेकच्या मापाची घ्या, मस्टँगच्या आकाराची, नाहीतर अशी घ्या जिच्यात खोबण कापलेली आहे पण ब्रिजचं एकही भोक पाडलेलं नाही.

लाकडाबद्दल लोक फार वेळ बोलतात, मी थोडक्यात सांगतो. ते वाळलेलं असावं, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, जाडी ४० ते ४५ मिमी. महोगनी चांगली. सागवान टिकाऊ आहे, पण जड पडतं आणि तेलकट असल्यामुळे डिंक आणि पॉलिश धरत नाही. चिकटवण्याआधी कापडावर ॲसिटोन घेऊन सांधा पुसून घ्यावा लागतो. प्लायवूडची बॉडीही वाजते, फक्त तिच्या कडेला स्क्रू घट्ट बसत नाहीत.

ब्रिज पहिल्या गिटारसाठी हार्डटेलच घ्या, म्हणजे ट्रेमोलो नसलेला, सपाट पट्टीचा, तारांमधलं एकूण अंतर ५२ ते ५४ मिमी असलेला. २५ मिमीची टाच १६ मिमी खोल खोबणीत बसली की फिंगरबोर्ड बॉडीच्या वर फक्त ९ मिमी राहतो, आणि या उंचीला हार्डटेलची सॅडल्स नेमकी जुळतात. ट्यून-ओ-मॅटिक (दोन खुंट्यांवर उभा राहणारा ब्रिज) त्याहून बराच उंच असतो, त्याला नेक मागे झुकवावा लागतो. मस्टँगचा व्हायब्रेटो (तिची दांडीची यंत्रणा) दिसायला सुंदर आहे, मलाही तो फार आवडतो. पण तो जाड तारांच्या काळातला. पातळ तारा लावल्या की सॅडलवरचा दाब कमी पडतो, तारा खणखणतात, जोरात वाजवलं तर खाचेतून सुटतात.

ब्रिजची जागा आखताना घाई नको. आधी नेक क्लॅम्पने खोबणीत घट्ट बसवा. मग दोन्ही कडांच्या ट्यूनरपासून (तारा ताणायच्या खुंट्या) दोन पातळ तारा किंवा शिवणदोरे नटच्या खाचांमधून ब्रिजपर्यंत ताणा. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही दोरे कडेपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत ब्रिज डावीउजवीकडे सरकवा. नेकच्या मधल्या रेषेवर भरवसा ठेवा, बॉडीच्या मधल्या रेषेवर नको, कारण खोबण अर्धा अंश जरी तिरकी असली तरी ब्रिजपाशी ती दीड-दोन मिमी दाखवते. लांबीच्या दिशेने पहिल्या तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणा, दोन मिमीची वाट ठेवा, आणि ते बरोबर ६०९.६ मिमीवर धरा. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, त्याची भरपाई सॅडल मागे नेऊनच होते. म्हणून जागा मागे हवी, पुढे नको. सहाव्या तारेला तीन ते पाच मिमी मागे जावं लागतं. छोट्या स्केलवर ताण कमी, म्हणून ही भरपाई थोडी जास्तच लागते. सगळं जुळलं की टोच्याने खुणा करा आणि दोनच भोकं पाडा. फक्त पहिली आणि सहावी तार चढवून बाराव्या फ्रेटचा सूर तपासा, मगच उरलेली भोकं.

नेकच्या चार स्क्रूंसाठी बॉडीतली भोकं साडेचार मिमीची, म्हणजे स्क्रू त्यांतून सैल जाईल अशी हवीत. स्क्रूने बॉडीचं लाकूडही पकडलं तर नेक आणि बॉडीत फट राहते, कितीही आवळा. मेपलच्या टाचेत ३.२ मिमीचं भोक पाडा, ड्रिलच्या टोकाला खोलीची चिकटपट्टी लावा आणि स्क्रूवर साबण घासा. कोरडा स्क्रू मेपलमध्ये तुटतो आणि मग तो काढताना टाच फाटते. ट्यूनरचे बारीक स्क्रू तर हमखास तुटतात, त्यांना दीड मिमीचं भोक आधी लागतंच. सॅडल्स पूर्ण खाली नेऊनही तारा उंच राहिल्या तर खोबणीच्या ब्रिजकडच्या टोकाला अर्धा मिमी जाडीचा पाचरीसारखा उतरता केलेला व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) घाला. त्याने नेक एवढा मागे झुकतो की ब्रिजपाशी सुमारे पावणेदोन मिमीची सोय होते. व्हेनिअर पूर्ण खोबणीभर असावा. नुसता पुठ्ठ्याचा तुकडा कोपऱ्यात घातला तर मध्ये पोकळी राहते आणि पुढे टाच तिथे वाकते.

वायरिंग मनाला वाटतं तेवढं अवघड नाही. सिंगल कॉइलला (एका गुंडाळीचा पिकअप) २५० के, हंबकरला (दोन गुंडाळ्यांचा) ५०० के, व्हॉल्यूम आणि टोन दोन्हीला लॉग प्रकारची पॉट्स (फिरवायची नियंत्रणं), ज्यांवर हल्ली 'ए' हे अक्षर असतं. टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिएस्टर कपॅसिटर, त्याच्यावर २२३ छापलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे चुटकीसरशी मिळतं, फक्त पॉटचा दांडा बघून घ्या. ६ मिमीच्या दांड्यावर पाव इंची नॉब सैल बसतो, आणि अमेरिकी पॉटला बॉडीत साडेनऊ मिमीचं भोक लागतं. पिकअप बसवण्याआधी मल्टिमीटरने तपासा: सिंगल कॉइल साडेपाच ते सात किलोओहम दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलेली आहे. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला ६० वॉटचं, चपट्या टोकाचं आयर्न घ्या. २५ वॉटचं आयर्न मिनिटभर टेकवून ठेवावं लागतं आणि तेवढ्यात पॉट आतून जळतं. ब्रिजखालून कंट्रोलच्या खोबणीत ३ मिमीचं भोक पाडून अर्थिंगची तार न्यायला विसरू नका. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर सगळं ठीक. वाढली तर जॅकच्या दोन तारा उलट्या लागल्यात. दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पोकळ, पातळ होत असेल तर एका पिकअपच्या तारा उलट करा. मात्र त्या पिकअपवर धातूचं कव्हर असेल तर त्याची अर्थिंग आधी वेगळी काढा.

रंगकाम या सगळ्यानंतर, गिटार पुन्हा सुटी करून. एकदा पूर्ण जोडून वाजवलेली कच्ची गिटारच रंगवायला घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारू नका, दमट हवेत ते पांढरं पडतं. खोबणीच्या आत रंगाचा थर नको, नाहीतर काल बसणारा नेक आज बसत नाही.

शेवटची जोडणी झाली की क्रम पाळा: आधी ट्रस रॉड, मग नटच्या खाचा, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (सॅडल हलवून फ्रेटवरचे सूर जुळवणं). पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ मिमीची फट. एकतर्फी (नेक फक्त मागे ओढणाऱ्या) ट्रस रॉडच्या नेकला कमी ताणात कधीकधी हा बाक येतच नाही, रॉडचा नट पूर्ण सैल करूनही मधले फ्रेट खरखरतात. तारा एक नंबर जाड करा, नेक बदलायला जाऊ नका. नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. केसाएवढी फट पुरे. ११च्या सेटला तयार नटच्या खाचा अरुंद पडतात, तार अडकते आणि ट्यून करताना टणकन सुटते. नट फाइल महाग वाटत असेल तर वेल्डिंगच्या टॉर्चचं तोंड साफ करायच्या काटेरी तारांचा संच वापरा. बाराव्या फ्रेटवर उंची पहिल्या तारेला १.६ आणि सहाव्या तारेला २ मिमी ठेवा. छोट्या स्केलवर तार जास्त झोके घेते, त्याहून खाली गेलात तर जोराच्या स्ट्रोकला खरखर येणारच.

इंटोनेशन नव्या तारांवरच करा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर, सूर दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे, आणि प्रत्येक फेरीनंतर तार पुन्हा सुरात लावा. आठवडाभराने नेकचे स्क्रू आणि ट्यूनरचे नट एकदा आवळा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि पुन्हा नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की ट्रस रॉड तपासा. एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही.