जत ते गुहागर, मे महिन्यात: नुसता आकडा बघून निघू नका

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जतहून गुहागरला जाऊन आलो, मी, बायको, दोन पोरं आणि आई. विजापूर-गुहागर हायवे जतवरूनच जातो त्यामुळं विटा, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा एकच रस्ता धरून थेट समुद्रापर्यंत जाता येतं. निघायच्या आदल्या रात्री मोबाईलवर दुपारचं तापमान जत ४१ आणि गुहागर ३३ दाखवत होतं. आई म्हणाली, बरं झालं बाळा, चार दिवस जरा गारव्याला राहू. आणि त्याच आईला ३३ वाल्या गावात चक्कर आली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, तुम्हीपण घरातली म्हातारी माणसं घेऊन जाणार असाल तर नीट वाचा.

आमच्याकडचं ऊन कोरडं. जतला धुतलेला पंचा अंगणात टाकला की अर्ध्या तासात कडकडीत वाळतो. नागज भागात बेदाण्याची शेड आहेत, द्राक्षं जाळीवर पसरून नुसत्या वाऱ्यावर वाळवतात, तो बेदाणा होतो तोच मुळी या कोरड्या हवेमुळं. हीच हवा अंगावरचा घामपण लगेच उडवते आणि घाम उडाला की अंग गार पडतं. म्हणून ४१ ला सुद्धा लिंबाच्या सावलीत बसलं की माणूस तग धरतो, आणि रात्री बाराच्या पुढं गच्चीवर बरं वाटायला लागतं. पण घाम दिसत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, इकडचा धोका तो.

आम्ही पहाटे साडेचारला निघालो आणि ते लय बरं केलं. कराडच्या पुढं नाष्टा केला, कोयनानगरला दहाच्या आत पोचलो. तिथं हवा सुखाची होती, पोरं म्हणाली इथंच राहू. पण घाट उतरायला लागलो तशी हवा बदलत गेली. साधारण हजार मीटर उंचीला सहा-साडेसहा डिग्रीचा फरक पडतो म्हणतात, म्हणजे घाट उतरताना तीन-चार डिग्री तर वाढणारच, पण खरा फरक डिग्रीचा नव्हताच. पोफळीजवळ काच खाली केली आणि ओल्या फडक्यानं तोंड दाबल्यासारखं झालं.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो चिपळुणात. बारा वाजलेले, गाडीत ३७ दाखवत होतं आणि वारा अजिबात नाही. चिपळूण समुद्रापासून बरंच आत, चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळं समुद्राचा वारा तिथं धड पोचत नाही पण दमटपणा मात्र पुरेपूर. त्यात या दिवसांत आपल्याकडं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भिंतीची सावलीच पडत नाही, गाडी लावायला आडोसा शोधून दमलो. माझा सल्ला असा की चिपळुणात दुपारी थांबूच नका, एकतर अकराच्या आत पार व्हा नाहीतर वर कोयनानगरलाच दुपार काढून चारनंतर उतरा.

गुहागरला समुद्राकाठी दुपारी खारा वारा सुटतो. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापतं, मग गार हवा समुद्राकडून आत येते, म्हणून तिथला आकडा ३३-३४ च्या वर सहसा जात नाही. ज्या दिवशी जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा जोरात असतो त्या दिवशी खारा वारा उशिरा येतो आणि किनाऱ्यावर पारा एकदम चढतो. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० पासून करतं पण किनाऱ्यावर ३७ पासूनच (आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्री तरी जास्त असावं लागतं), यावरूनच समजा की कोकणातला ३७ म्हणजे काय ते.

आईचं असं झालं की दुसऱ्या दिवशी साडेदहाला व्याडेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही तसंच बीचवर गेलो. सुरूच्या झाडाखाली बसलो होतो, ऊन अंगावर नव्हतंच. तिचं लुगडं पाठीला चिकटलेलं, घाम नुसता वाहत होता पण वाळत नव्हता. मी दोनदा विचारलं तर म्हणाली मला काय होतंय, जतच्या उन्हात जन्म गेला माझा. आणि उठायला गेली तर डोळ्यापुढं अंधारी. खोलीवर नेऊन फॅनखाली झोपवलं, ओल्या पंचानं मान, काखा, पाय पुसत राहिलो, ओआरएस घोट घोट दिलं, तासाभरानं बरी वाटली. पण तो तास मी विसरणार नाही. असं झाल्यावर माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर घरी उपाय करत बसू नका, सरळ १०८ लावा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरला विचारून घ्या, काही गोळ्यांनी अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

त्यानंतर आम्ही दिवसच उलटा केला. बीच सकाळी सहा ते साडेआठ, मग थेट संध्याकाळी पाचनंतर. मधला वेळ खोलीत, कोकम सरबत मीठ टाकून, जेवणात सोलकढी. खोली घेताना एसी नसला तरी चालेल पण समुद्राकडं खिडकी आणि चांगला फॅन बघूनच घ्या, कारण तिकडं रात्रीसुद्धा पारा २६-२७ च्या खाली उतरत नाही. कपडे सुती आणि दुप्पट घ्या. रात्री वाळत टाकलेला तोच पंचा सकाळी सातला हातात घेतला तर ओलाच, आणि टेबलावरच्या डबीतलं मीठ गोळा होऊन बसलेलं.

अंदाज बघायचा तर एप्रिल ते जूनचा म्हणून मार्चअखेरीस जो येतो त्यावर बुकिंग ठरवू नका, तो तीन महिन्यांचा एकूण कल असतो. पुढच्या आठवड्यांचा अंदाज हवामान खातं दर गुरुवारी काढतं, आणि निघायच्या दोन दिवस आधी जिल्ह्याचा इशारा बघा, सांगली, सातारा आणि रत्नागिरी तिन्हींचा. ॲपमध्ये 'फील्स लाइक'चा, म्हणजे दमटपणा धरून अंगाला प्रत्यक्ष किती गरम वाटतं त्याचा आकडा असतो, कोकणासाठी तोच बघा, आमच्या वेळी ३३ ला तो ४२ दाखवत होता. मेअखेरीस जाणार असाल तर पाऊस जूनमध्येच येतो असं धरून चालू नका, २०२५ ला मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला होता.

येताना मात्र वळवानं गाठलं. आम्ही गुहागरहून दहाला निघालो, तेच चुकलं. कडेगावच्या पुढं साडेतीनला पूर्वेकडं काळं भरून आलं, आधी धुळीचा लोट, मग विजा, मग बोराएवढ्या गारा. एक मोटरसायकलवाला पोरगा झाडाखाली थांबला होता, त्याला हाक मारून गाडीत घेतला. विजा चमकताना झाडाखाली कधीच उभं राहू नका, बंद काचांची गाडी बरी. फोनमध्ये दामिनी ॲप टाकून ठेवा, जवळपास वीज पडायची शक्यता असेल तर ते आधी सांगतं. परतीलासुद्धा पहाटेच निघा, म्हणजे दुपारी तीनच्या आत जत गाठता येतं.