इमानाची कामटी

आमच्याकडे जुनी माणसं विमानाला 'इमान' म्हणतात. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली, त्यामुळे गोंदियाच्या या भागाला विमानाचं अप्रूप तसंही कमीच. आता तर शिकाऊ पोरांची विमानं डोक्यावर घिरट्या घालत असली, तरी रोवणीतली बाई मान वर करत नाही. माझा भाचा पायलट व्हायला निघाला तेव्हा गावाला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. फीचा आकडा ऐकून मात्र वाटलं.

तर हा भाचा दिवाळीला आजोळी आला आणि मोबाइलवर त्यानं एक व्हिडिओ दाखवला. सेसना १७२ जातीचं विमान उभं आहे. हा घडीची शिडी लावून वर चढतो, पंखावरचं झाकण फिरवून काढतो, आत एक काठी सोडतो, झटकन बाहेर काढून डोळ्यांजवळ नेतो, मग शिडी उचलून पलीकडच्या पंखाकडे जातो. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणे, "पेट्रोल मोजतो ना, मामा."

आमचे आबा बाजेवर बसून हे ऐकत होते. म्हणाले, "काहून? इमानाले काटा नाही का बा?"

"आहे ना आबा. पण त्याच्यावर भरोसा नाही ठेवायचा."

"बराबर हाय," आबा म्हणाले. "इमानाले काटा असते, पन काट्याले इमान नसते."

बोलून ते पुन्हा तंबाखू मळू लागले. आपण काय बोलून गेलो याचा त्यांना पत्ताही नव्हता.

काट्याचा दोष तसा मोठा नाही. टाकी पंखात, म्हणजे परातीसारखी पसरट आणि उथळ. तीत एक तरंगता गोळा, त्याला दांडी, दांडीच्या वरखाली होण्यावर काटा चालतो. उथळ भांड्यात गोळा बोटभर हलला तरी कितीतरी लिटरांचा फरक पडतो, आणि हवेत विमान डुललं की काटाही डुलतो. माझ्या मोटारसायकलचा काटा खड्डा आला की रिकामा दाखवतो आणि चढ आला की अर्धी टाकी देतो, तो याचाच भाऊबंद. म्हणून उडायच्या आधी, विमान सपाट जागी उभं असताना, काठीनं मोजायचं. डावी टाकी वेगळी, उजवी वेगळी. लाकडी काठी असेल तर लगेच वाचायची, कारण पेट्रोल बघता बघता उडून जातं. काही ठिकाणी पारदर्शक नळी असते. ती बुडवायची, वरचं तोंड अंगठ्यानं दाबायचं आणि उचलायची, की आतला थर आतच राहतो. लहानपणी शरबताच्या गिलासात नळी घालून आम्ही हेच करायचो आणि मार खायचो.

आबांना यातलं काही नवं नव्हतं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा काटा मला कळायला लागल्यापासून एकाच जागी आहे. आधी आबा धुऱ्यावरच्या तुरीची तुराटी टाकीत घालत. तिची साल आत सुटून फिल्टर तुंबला, तेव्हापासून बांबूची कामटी आली: सोलून गुळगुळीत केलेली, चाकूनं खाचा पाडलेली. पाच लिटरच्या डब्यानं एकेकदा डिझेल ओतायचं, कामटी बुडवायची, ओल जिथं आली तिथं खाच. एक अख्खी सकाळ त्यात गेली होती. पायलटांच्या भाषेत याला कॅलिब्रेशन म्हणतात हे मला भाच्याकडून कळलं.

ही कामटी एकदा शेजाऱ्यानं मागून नेली. त्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचा, टाकी आडवी. आमच्या कामटीनं त्याला चार खाचा डिझेल दाखवलं, आणि ऐन चिखलणीत त्याच्या ट्रॅक्टरनं एअर घेतली. डिझेलचं इंजिन कोरडं पडलं की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, नळ्या ढिल्या करून हवा काढत बसावं लागतं. गुडघाभर चिखलात तो अर्धा दिवस पाना घेऊन बसला होता आणि आमच्या कामटीला शिव्या देत होता. भाचा म्हणाला, "आमच्याकडेही हेच. एका विमानाची काठी दुसऱ्याला चालत नाही." शिवाय सेसनाचे पंख टोकाकडे किंचित उचललेले असतात आणि झाकण विमानाच्या धडापासून दूर. इंधन कमी झालं की ते धडाच्या बाजूला जमतं आणि काठी कोरडी येते. टाकीत असतं, पण काठीला दिसत नाही.

आबांच्या कामटीची सगळ्यात खालची खाच बुडापासून चार बोटं वर आहे. तिच्याखालचं ते मोजतच नाहीत. भाच्यानं कारण विचारलं तर म्हणाले, "ते गाळाचं हाय. ते आपलं नोहे, टाकीचं हाय." भाचा माझ्याकडे बघत राहिला. सेसनाच्या दोन टाक्यांत मिळून सुमारे २१२ लिटर मावतं, त्यातले सुमारे २०० वापरायचे. उरलेलं मोजायचं नाही, हे त्याला परीक्षेसाठी पाठ करावं लागलं होतं.

काठी एवढी भरवशाची, तरी तिला एक गोष्ट येत नाही. ती खोली सांगते, हिशेब सांगत नाही. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एका मोठ्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनाचे काटे बंद होते, म्हणून दांडीनं मोजणी केली. मोजणी बरोबर आली. मात्र देश नुकताच पौंडावरून किलोवर आला होता, आणि लिटरचं वजन करताना लोकांनी लिटरमागे १.७७ हा पौंडाचा आकडा वापरून उत्तर किलोत धरलं. लागणार होतं २२,३०० किलो, भरलं गेलं त्याच्या निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर उडताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले, आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं एकापाठोपाठ बंद पडली. पायलटनं ते अवजड धूड घारीसारखं तरंगवत गिमली गावाजवळच्या वायुदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. तिथं त्या दिवशी मोटारींच्या शर्यती होत्या! विमानातले सगळे ६९ जण वाचले.

ही गोष्ट सांगून झाल्यावर आबा बराच वेळ गप्प होते. त्यांनी पायली आणि किलो दोन्ही पाहिलेत. बाजारात धानाचं काय काय होतं तेही पाहिलंय. शेवटी एवढंच म्हणाले, "तुह्या इमानाची काठी कायची हाय?"

"प्लास्टिकची, आबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आबा वाडीतला बांबू फाडून कामटी सोलत बसलेले. दोन हात लांब, टोकं घासलेली, खाचा न पाडलेली. "खाचा तिकडं जाऊन पाड," ते म्हणाले, "टाकी पाहून." भाच्यानं समजावायचा प्रयत्न केला, की असली काठी विमानाजवळसुद्धा नेऊ देत नाहीत, तिथं सगळं मंजूर केलेलंच लागतं. आबांनी ऐकून घेतलं आणि कामटी त्याच्या बॅगेला बांधली.

परवा फोनवर विचारलं, काय केलं रे तिचं? म्हणाला, होस्टेलच्या खिडकीत आडवी लावली आहे, मोजे वाळत घालायला.

"आबांना सांगू नको," तो म्हणाला.

मी अजून सांगितलेलं नाही. पण आबा रोज विचारतात, खाचा पाडल्या का म्हणून.