दोन लाखांचे अनुदान आणि दोन विभाग

नागपुरात संशोधन संस्थांची वानवा नाही. १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ, अभियांत्रिकीची व्हीएनआयटी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी, कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, अशी यादी लांबवता येईल. मृद सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो आणि विद्यापीठाचा महात्मा फुले परिसर तर एकाच अमरावती रोडवर आहेत. तरीही दोन वेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांनी मिळून एखादा प्रश्न हाती घेतल्याची उदाहरणे येथे शोधावी लागतात. एकाच इमारतीत वरच्या आणि खालच्या मजल्यावर असलेले विभागसुद्धा एकमेकांना बहुधा परीक्षेच्या कामानिमित्तच भेटतात.

अशा स्थितीत संस्थांतर्गत छोट्या अनुदानांना, म्हणजे ज्याला आपल्याकडे सीड मनी म्हणतात त्या लाख-दोन लाखांच्या रकमेला, मी फार महत्त्व देतो. अनेक महाविद्यालयांनी ही योजना नॅक या उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेच्या मूल्यांकनात तिची विचारणा होते म्हणून सुरू केली, हे उघड गुपित आहे. कारण काहीही असो, पैसा उपलब्ध झाला आहे. तो कोणत्या अटींवर द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. आणि माझे मत असे की ही रक्कम उपकरणे घेण्यासाठी नसून, दोन विभागांना एका नेमक्या प्रश्नापुढे एकत्र बसवण्यासाठी आहे.

उन्हाळ्याचेच उदाहरण घेऊ. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, आणि २०१६ पासून महापालिकेचा उष्णता कृती आराखडा आहे. परंतु सोनेगावच्या वेधशाळेतील तापमापक टिनाच्या छताखालील खोलीत रात्री दोन वाजता काय स्थिती असते ते सांगत नाही. लँडसॅटसारखा उपग्रह सकाळी डोक्यावरून जातो आणि पृष्ठभागाचे तापमान टिपतो. भूगोलाच्या अभ्यासकाला तेवढे मिळते, पण घरातली हवा मिळत नाही. शरीराला दिवसाच्या तापातून सावरण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो, हे शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यासक जाणतो. एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, मात्र जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तोच कूलर घाम वाळू देत नाही, हे प्रत्येक नागपूरकर जाणतो. स्वयंपाकघरात भर दुपारी कोण उभे असते आणि विजेचे बिल पाहून कूलर कोण बंद करते, हे समाजशास्त्राच्या किंवा गृहअर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेने घरात जाऊन विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि किती घरे निवडली म्हणजे निष्कर्षाला अर्थ राहील, हे ठरवायला संख्याशास्त्राचा माणूस प्रस्ताव लिहितानाच हवा. आकडे गोळा झाल्यावर त्याला बोलावणे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणे होय.

तापमान व आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रे, विद्यार्थ्यांचे मानधन, ऑटोभाडे आणि प्रश्नावलीची छपाई, एवढा खर्च दोन लाखांत बसतो. असे काम मोठ्या निधीसाठी थेट पाठवले तर पुरावा मागितला जातो, आणि पुरावा जमवण्यासाठी निधी नसतो. ही कोंडी छोटी रक्कमच फोडू शकते.

मात्र तरुण सहायक प्राध्यापकाने यात का पडावे, याचे उत्तर आपल्या नियमांत सहज सापडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दहा लाखांखालील पूर्ण झालेल्या प्रकल्पाला निवड-पदोन्नतीत मोजले जाणारे ५ गुण आहेत, आणि प्रकल्प संयुक्त असेल तर मुख्य अन्वेषक (प्रकल्पाचा प्रमुख संशोधक) व सहअन्वेषक (त्याचा जोडीदार संशोधक) यांना निम्मे निम्मे, म्हणजे अडीच. शोधनिबंधाला दोनापेक्षा अधिक लेखक असतील तर प्रथम किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि उरलेल्या प्रत्येकाला ३० टक्के गुण मिळतात. विज्ञान शाखेतील निबंधाचे मूळ गुण ८ धरले, तर उष्णतेच्या अभ्यासात तिसरे नाव असलेल्या संख्याशास्त्रज्ञाच्या वाट्याला २.४ येतात, आपल्याच विषयावर एकट्याने लिहिले असते तर पूर्ण ८ मिळाले असते. पदोन्नतीची वाट पाहणाऱ्याने एकट्याने लिहिण्याचा मार्ग निवडला, तर त्याला दोष कसा देणार? हे नियम महाविद्यालयाच्या हातात नाहीत, पण सहअन्वेषकाचा अध्यापनभार एका सत्रापुरता थोडा हलका करणे निश्चितच हातात आहे.

जोडीदार सापडणे हीदेखील मोठी अडचण असते, आणि तिच्यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये एका छोट्या अनुदान योजनेच्या निमित्ताने संशोधकांना यादृच्छिक पद्धतीने वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ९० मिनिटे परस्परांच्या कामाची माहिती घेऊ दिली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एकाच खोलीत बसलेल्या जोडीने पुढे एकत्र अर्ज करण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. मुळात ती शक्यता अगदीच अल्प होती, हे विसरता येत नाही. तरी दीड तासाच्या बैठकीकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. आपल्याकडे अर्ज मागवणारे परिपत्रक निघते, ते विभागप्रमुखांच्या टेबलावर राहते, आणि अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचे नाव सहअन्वेषक म्हणून लिहिले जाते. एका संस्थेत अशा प्रस्तावांच्या छाननीला बसलो असताना, सहअन्वेषक नेमके काय करणार आहे याविषयी एक वाक्यही नसलेले अर्ज मी वाचले आहेत. अर्जात दुसऱ्या विषयाच्या अभ्यासकाने स्वतः लिहिलेला अर्धा पानभर मजकूर सक्तीचा केला, तरी त्यातले बरेच अर्ज आपोआप गळतील.

राहिला लेखा विभाग. मोठ्या प्रकल्पाला लागणारी तीन दरपत्रके, मंजुरीचे टप्पे आणि पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र छोट्या रकमेलाही जसेच्या तसे लावले, तर प्राध्यापकाचा वेळ रकमेपेक्षा महाग पडतो. त्याहून वाईट अडचण तारखेची आहे. निधी डिसेंबर-जानेवारीत मंजूर होतो आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करावा लागतो, त्यामुळे घाईघाईने संगणक व प्रिंटर खरेदी होतात. आणि नागपुरात उष्णतेचा अभ्यास करायचा तर मोजणीचा हंगामच एप्रिलमध्ये सुरू होतो. म्हणून संस्थेच्या स्वतःच्या निधीतून दिलेल्या या रकमेची मुदत मंजुरीच्या दिवसापासून अठरा महिने ठेवावी आणि शिल्लक पुढील आर्थिक वर्षात नेण्याची परवानगी मंजुरीपत्रातच लिहून द्यावी, एवढा बदल व्यवस्थापन परिषदेच्या एका ठरावाने करता येण्याजोगा आहे.