'ऑपरेशन करूनही?' तुम्ही विचारलंत म्हणून

"ऑपरेशन करूनही?" एवढंच विचारतात. पुढे बोलत नाहीत. नजर माझ्या दंडांवरून पोटावर फिरते आणि 'वजन परत वाढलं?' हे वाक्य तिथे पुरं होतं. कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारताना भेटणाऱ्या बायका विचारतात, वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात विचारतात, पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तर तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत विचारून होतं. गेल्या महिन्यात नणंदेकडे सत्यनारायणाला चौघींनी मिळून विचारलं. तेव्हा मी प्रसादाच्या वाट्या उचलून आत गेले. आज नीट सांगते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये माझी स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायची शस्त्रक्रिया, झाली तेव्हा माझं वजन ११६ किलो होतं. सोळा महिन्यांत ७८ झालं. तिथे थांबलं, मग चढायला लागलं आणि २०२२ च्या दिवाळीत ९३ वर गेलं. आज ८४ आहे. आकडे सगळ्यांनाच हवे असतात, म्हणून आधी देऊन टाकले.

वजन दोन तऱ्हेने थांबतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर माझं लक्ष नव्हतं. पहिल्यांदा थांबलं ते तिसऱ्या आठवड्यात. पातळ डाळ आणि सूप एवढ्यावर होते, तरी काटा अकरा दिवस जागचा हलला नाही. मी रडत आहारतज्ज्ञ मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, बहुतेकांचं होतं असं. सुरुवातीला शरीरातल्या साठवलेल्या साखरेबरोबर पाणीही जातं म्हणून भराभर उतरतं, मग जरा अडतं. बाराव्या दिवशी उतरलं. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं की अडलं तर वाट बघायची. सोळाव्या महिन्यात अडलं तेव्हाही मी वाट बघत बसले. पण तेव्हा उतारच संपला होता. साधारण वर्ष-दीड वर्षात वजन तळाला जातं आणि तिथून थोडं वर येणं पुष्कळांच्या बाबतीत घडतं.

स्लीव्हमध्ये पोटाचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणून पहिलं वर्षभर मला भूक आठवतच नव्हती. दुपारचे तीन वाजले तरी डबा उघडलेला नसायचा. मला वाटलं, माझी जीभ वठणीवर आली. तसं काही नव्हतं, निरोप आणणाराच कमी झाला होता. पुढे भूक हळूहळू परतली. शिवाय अडतीस किलो उतरलेल्या शरीराला बसल्या जागी लागतं कमी, आणि मिळेल ते ते साठवायला बघतं.

त्यात लॉकडाऊन. ऑफिस स्वयंपाकघराच्या टेबलावर आलं. दुपारी चारला चहा आणि चहात खारी. भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली तर पाचव्या घासाला छातीखाली दाब यायचा, थांबावंच लागायचं. खारीचं तसं नाही. चहात बुडवली की तिचे पापुद्रे सुटतात, कपाच्या काठापर्यंत आणेस्तोवर अर्धी विरघळते, जिभेवर ओली पसरते आणि खाली उतरते. नळीएवढ्या उरलेल्या पोटात ती थांबतच नाही. एक झाली, तीन झाल्या, सहा झाल्या. दाब नाही, म्हणून मला खरोखर वाटायचं की मी काही खाल्लंच नाही. रात्री घरच्यांना सांगायचे, "दिवसभरात एक पोळी खाल्ली फक्त." खोटं बोलत नव्हते, मोजत नव्हते.

त्या दोन वर्षांत सासऱ्यांचं आजारपण होतं, मुलाची दहावी मोबाइलवर चालू होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. नाही, कारण म्हणूनच सांगते. माझ्या वजनाला कारणं होती, आणि "मनावर घेतलं नाहीस" हे त्यातलं नव्हतं.

आता आईचं सांगते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आई कळव्याला राहते. चाळीस वर्षं तिने शिवणकाम केलं, खिडकीशी पायाचं मशीन अजून आहे. ऑपरेशन माझ्या विम्यात बसलं नाही तेव्हा तिने न विचारता पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण पडल्या आणि मी दोन वर्षांनी सोडवून आणल्या. वजन उतरत होतं तेव्हा माझे ब्लाउज तीच आत घ्यायची. दर दोन-तीन महिन्यांनी मी पिशवी घेऊन जायचे, ती टाचण्या ओठांत धरून म्हणायची, "परत सैल? अगं, किती उतरलीस!" तेवढं ऐकायला मी जायचे.

२०२२ मध्ये गौरींना मला मोरपिशी इरकल नेसायची होती. ब्लाउज चढवला तर बाही कोपराच्या वर सरकेना. तोवर तीन महिने मी कळव्याला गेले नव्हते, काहीतरी सांगून टाळत होते. शेवटी एका शनिवारी गेले. आईने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. ब्लाउज हातात घेतला, उलटा केला, चष्मा लावला आणि ब्लेडने कुशीची टीप उसवायला लागली. मी शेजारी बसून बघत होते. आत एकाशेजारी एक चार टिपा होत्या, दर खेपेला आत घेतल्याच्या. आणि त्या चौथ्या टिपेच्या बाहेर, मूळ ब्लाउजचं सगळंच्या सगळं कापड तसंच होतं. घडी घालून काठाला हातशिलाईने टाचलेलं. एक सूतही कापलेलं नव्हतं.

"कापलं नाहीस?"

"राहू दिलं."

"का?"

"एकदा कापलं की परत येत नाही गं ते."

मी आवाज चढवला. म्हटलं, म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं? पाटल्या दिल्यास तेव्हाही? प्रत्येक वेळी माझ्यासमोर "किती उतरलीस" म्हणायचीस आणि आत हे ठेवत होतीस? तिने टीप उसवणं थांबवलं नाही. म्हणाली, "चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. एकीचंही माप कायम राहिलेलं मी पाहिलं नाही." मी ब्लाउज तिच्या मांडीवर टाकून निघाले. कळवा स्टेशनवर दोन गाड्या सोडल्या, चढवेना.

चार दिवसांनी भावाने पिशवी आणून दिली. ब्लाउज सैल करून, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आईने माझं माप घेतलंच नव्हतं, नुसतं पाहिलं होतं, आणि तो मला नेमका बसला. ते सगळ्यात जास्त लागलं. गौरीला मी तो घातला नाही, ड्रेस घातला. आई आली, हळदीकुंकू घेतलं, तिनेही विषय काढला नाही.

कितीतरी महिने मला वाटत होतं की आईचा माझ्यावर विश्वास नव्हता. अजूनही काही दिवस तसंच वाटतं. कधी वाटतं, ७८ आकड्याच्या प्रेमात न पडलेली ती एकटीच होती. तिला विचारलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

पण त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले, हे खरं. अडीच वर्षं फॉलोअपला गेले नव्हते. वाटायचं, ते काट्यावर उभं करतील आणि बोलतील. ते बोलले नाहीत. त्यांनी तळपायाला मुंग्या येतात का विचारलं. येत होत्या, मी चपलांवर ढकललं होतं. बी-१२ खूप कमी निघालं, लोह आणि डी जीवनसत्त्वही कमी. पोट कापल्यावर बी-१२ नीट शोषलं जात नाही, म्हणून गोळ्या जन्मभराच्या असतात. मी त्या दीड वर्षापूर्वी बंद केल्या होत्या, कारण मला बरं वाटत होतं. एंडोस्कोपीत पोट फारसं ताणलेलं दिसलं नाही. मनातून मला ते ताणलेलं हवं होतं, म्हणजे दोष पोटाचा झाला असता.

आठवडाभर खाल्लेलं लिहून काढायला सांगितलं. दिवसाला प्रथिनं भरली ३१ ग्रॅम. हवी होती किमान ६०. तेव्हापासून ताटात आधी अंडी, उसळ, पनीर किंवा मासा संपवते, मग भाजी, जागा उरली तर अर्धी पोळी. पाणी अर्ध्या तासाने. खारी घरात आणत नाही. एवढंच आहे. मध्ये कुणीतरी पाठवलेला "पाच दिवसांत पोट रीसेट" प्रकारही मी केला, नुसत्या पातळ पदार्थांवर राहून. दोन किलो उतरले आणि जेवायला लागल्यावर दहा दिवसांत परत आले, कारण ते पाणी होतं. पोट रीसेट वगैरे होत नाही. पाच दिवस चक्कर येते तेवढी.

आता विचारतात, "इंजेक्शन घे ना." मार्च २०२५ मध्ये मुंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आल्यापासून हे रोजचं झालंय. ऑपरेशननंतर परत वाढलेल्या वजनासाठी अशी औषधं देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय. सध्या नको असं ठरलंय, उद्या हवं असंही ठरू शकतं.

आणि "वाया गेलं का?" याचं उत्तर. स्वीडनमध्ये १९८७ पासून वजनासाठी ऑपरेशन झालेल्या सुमारे दोन हजार जणांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या गॅस्ट्रिक बायपासवाल्यांच्या, म्हणजे पोट लहान करून पुढच्या आतड्याला जोडलेल्यांच्या, वजनातली घट एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के होती, दहा वर्षांनी २५ टक्के राहिली. माझी आज साधारण २८ आहे. माझं ऑपरेशन वेगळं, वर्षंही कमी झालीत, हे मला कळतं. तरी मी तो आकडा जवळ धरून ठेवलाय. डायबेटिसच्या दोन गोळ्यांपैकी एक अजून बंद आहे. यावर कुणी मान हलवून "बरं" म्हटलं की मला राग येतो.

एक गोष्ट राहिली, ती माझ्या बाजूची नाही. जानेवारी २०२० मध्ये, वजन ८१ असताना, हॉस्पिटलने मला पेशंटच्या बैठकीत बोलायला बोलावलं होतं. मी म्हटलं होतं, "ज्यांचं परत वाढतं, ते नियम पाळत नाहीत." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत पांढऱ्या ओढणीतली एक बाई होती, ऑपरेशनला पाच वर्षं झालेली. तिने टाळी वाजवली नाही, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. चहाला सगळ्या थांबल्या, ती गेली. मी तिला पाहिलं होतं आणि तिच्याकडे गेले नव्हते.

नियम मी पाळले नाहीत, हे खरं आहे. म्हणजे तेव्हाचं माझं वाक्य माझ्याबाबतीत तरी खोटं ठरलं नाही. तरीही ते तिच्यासमोर बोलायला नको होतं. त्या बैठकांना मी आता परत जाते, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, आणि दाराकडे तोंड करून बसते. ती अजून आलेली नाही.